साक्षीभावाची दहा गाणी

इंग्लंडात लोकसंगीताला विजेच्या वाद्यांची जोड देण्याचा जो प्रयोग १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, त्यातून निर्माण झालेल्या ध्वनिमुद्रिकांची संख्या थोडीथोडकी नाही. परंतु त्यांपैकी बहुतेकींचे मोल आज केवळ ऐतिहासिक उरले असून, अभ्यासकाने त्या अवश्य ऐकाव्यात पण साध्या रसिकाने त्यांच्या वाटेस न जाणेच बरे, असे म्हणण्याची पाळी येते. या नियमाला जे दोन-चार अपवाद आहेत त्यांत रिचर्ड आणि लिंडा थॉम्प्सन या दांपत्याची ‘आय वॉन्ट टु सी द ब्राइट लाइट्स टुनाइट’ ही दहा गाण्यांची तबकडी, माझ्या मते, अग्रस्थानी बसवावी लागेल. मे १९७३ मध्ये लंडनच्या चेल्सी भागात ती मुद्रित झाली, जवळजवळ वर्षभर प्रकाशनावाचून पडून राहिली, आणि ३० एप्रिल १९७४ रोजी ‘आयलंड’ कंपनीने ती अखेर बाजारात आणली तेव्हा खपाच्या याद्यांत तिला कोठेही जागा मिळाली नाही.

ती करणारा पुरुष त्या वेळी २४ वर्षांचा आणि स्त्री २५ वर्षांची होती, दोघांचे लग्न होऊन अवघे सात-आठ महिने लोटले होते, आणि तरीही नवपरिणीतांच्या गाण्यांत जो शृंगार, जे नवथर सुख आपण गृहीत धरतो त्याचा येथे मागमूसही नाही, ही या तबकडीविषयीची पहिली नवलाची गोष्ट होय. येथे भेटतात ती माणसे निराळीच: कामाच्या जुवाखालून सुटून कोठल्याशा सरहद्दीपलीकडे जाऊ पाहणारा नोकरदार, आठवडाभर राबून शनिवारच्या रात्रीची वाट पाहणारी मुलगी, गुत्त्यात लोळणारे मद्यपी, तोऱ्यात भीक मागणारी पोर, मैत्रिणीच्या प्रियकराला एखादा मित्र आहे का असे भीत भीत विचारणारी एकाकी तरुणी, आणि शेवटी उंचावर ताणलेल्या दोरीवरून चालणारा एक डोंबारी. दुःख विपुल आहे, पण ते गाणाऱ्याचे स्वतःचे नाही. तो फक्त त्याची साक्ष देतो. पुढे या दांपत्याचा संसार मोडला, त्याची जाहीर वाच्यता झाली, आणि त्यांच्या सगळ्या गाण्यांकडे त्या घटस्फोटाचे दस्तऐवज म्हणून पाहण्याची खोड टीकाकारांना लागली. तिचा समाचार पुढे घ्यावयाचा आहेच. तूर्त एवढेच म्हणतो की, या तबकडीचे सामर्थ्य तिच्यात ‘मी’ नसण्यात आहे, आणि ही विद्या त्या दोघांच्या हाती कशी आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंड आणि स्कॉटलंड या मुलखांतील जी कथागीते ‘बॅलड’ या नावाने ओळखली जातात, त्यांचा सर्वांत मोठा संग्रह एका अमेरिकन पंडिताने केला. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात क्रमशः प्रसिद्ध केलेल्या या संग्रहात ३०५ कथागीते असून प्रत्येकाची जेवढी पाठांतरे सापडली तेवढी दाखल केलेली आहेत, आणि त्यांचे अनुक्रमांक आजही एखाद्या जमिनीच्या भूमापन क्रमांकासारखे वापरले जातात. या गीतांचा एक विलक्षण धर्म आहे. त्यांत खून होतात, भाऊ बहिणीचा घात करतो, सरदाराची बायको गरीब तरुणाला घरी नेते आणि नवरा परतून दोघांनाही ठार करतो; पण सांगणारा कोणाची कड घेत नाही, हळहळत नाही, तात्पर्यही काढत नाही. एका कडव्यात तलवार उपसली जाते, पुढच्यात प्रेत पुरले जाते, आणि मधल्या जागेत काय वाटावयाचे ते ऐकणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर वाटून घ्यावयाचे असते. शेकडो कंठांतून झिरपत आल्यामुळे म्हणा, मूळ कर्त्याचे नाव पुसले गेल्यामुळे म्हणा, या गीतांतून व्यक्तिगत हुंदका गाळला गेला आहे, आणि म्हणूनच त्यांतील शोक टिकाऊ झाला आहे.

चाइल्ड यांना शब्दांशी कर्तव्य होते. चाली गोळा करण्याचे काम इंग्लंडात सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने अंगावर घेतले. १९०३ मध्ये सॉमरसेट परगण्यातील हॅम्ब्रिज गावी एका माळ्याच्या तोंडून त्यांनी एक गीत ऐकले, तेथपासून त्यांच्या भटकंतीला आरंभ झाला, आणि खेड्यापाड्यांतील वृद्धांकडून त्यांनी हजारो चाली उतरवून घेतल्या. हे ऋण मोठे आहे, यात संशय नाही. मात्र या गृहस्थांनी शेतकऱ्याची गाणी छापताना त्यांतील चावट मजकूर सोवळा करून घेतला, त्यांना पियानोची साथ जोडली, आणि ती शाळांच्या वर्गांत व सुखवस्तू दिवाणखान्यांत रुजू केली. परिणामी दोन पिढ्यांच्या इंग्रज मुलांना लोकगीत म्हणजे शिक्षकांच्या देखरेखीखाली सक्तीने गावयाची एक निरुपद्रवी वस्तू वाटू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर ए. एल. लॉइड आणि युअन मॅकॉल या डाव्या विचारांच्या दोघांनी हीच गाणी खाणकामगारांच्या आणि खलाशांच्या वारशाचा भाग म्हणून पुन्हा पुढे आणली, आणि पाहता पाहता देशभर मद्यालयांच्या माडीवरील खोल्यांतून ‘फोक क्लब’ भरू लागले. मॅकॉल यांनी तर आपल्या क्लबात असे फर्मानच काढले होते की, गायकाने केवळ आपल्या देशाची गाणी गावीत, परक्यांची नव्हेत. हुकूम जाचक असला तरी त्यातून एक इष्ट गोष्ट घडली: अमेरिकेच्या नकलेत रमलेल्या तरुणांना आपल्या दाराशी काय पडले आहे याची पुसटशी जाणीव झाली.

रिचर्ड थॉम्प्सनचा जन्म ३ एप्रिल १९४९ रोजी लंडनच्या नॉटिंग हिल भागात झाला. वडील मूळचे स्कॉटलंडचे, लंडनच्या पोलीस खात्यात नोकरीला, आणि हौशी गिटारवादक. त्यांच्या संग्रहातील जँगो राइनहार्ट आणि लेस पॉल या गिटारवादकांच्या तबकड्या, तशीच घरात वाजणारी स्कॉटिश नृत्यगीते, यांवर मुलाचा कान तयार झाला. शाळेनंतर त्याने काही काळ रंगीत काचांच्या खिडक्या घडवणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली उमेदवारी केली. १९६७ मध्ये उत्तर लंडनमधील मझवेल हिल येथील ‘फेअरपोर्ट’ नावाच्या घरात तालमी करणाऱ्या मुलांनी त्या घरावरूनच नाव घेऊन ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ हा वाद्यवृंद काढला, तेव्हा रिचर्ड १८ वर्षांचा होता. प्रारंभी ही मंडळी अमेरिकन गाणीच वाजवीत. १९६८ मध्ये दोन गोष्टी घडल्या: सँडी डेनी ही फोक क्लबांतून तयार झालेली असामान्य गायिका त्यांना येऊन मिळाली, आणि ‘द बँड’ या वृंदाची पहिली तबकडी त्यांच्या कानी पडली. अमेरिकेच्या मातीतून असे अस्सल संगीत उगवत असेल, तर त्याची नक्कल लंडनमध्ये बसून करण्यात अर्थ नाही, एवढे त्या मुलांना त्यातून कळून चुकले.

परंतु त्यांची दिशा बदलण्यास जे निमित्त झाले ते संगीतातले नव्हते. १२ मे १९६९ च्या पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून परतताना त्यांची गाडी एम-१ या महामार्गावरून खाली कोसळली. १९ वर्षांचा ढोलवादक मार्टिन लॅम्बल आणि रिचर्डची मैत्रीण जीनी फ्रँकलिन ही दोघे त्यात दगावली. वृंद मोडावा की चालवावा हा प्रश्न उभा राहिला, आणि बऱ्या झालेल्यांनी असे ठरवले की, चालवावयाचा तर आपली आधीची गाणी घेऊन नव्हे. हॅम्पशरमधील एक घर भाड्याने घेऊन, फिडलवादक डेव्ह स्वारब्रिक आणि नवा ढोलवादक डेव्ह मॅटॅक्स यांना सामील करून, त्यांनी त्या उन्हाळ्यात चाइल्डच्या संग्रहातील कथागीते विजेच्या गिटारींवर बसवली. त्यांच्यापैकी अॅशली हचिंग्ज याने तर लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधील ग्रंथालयात ठाणच मांडले. ‘लीज अँड लीफ’ या नावाने डिसेंबर १९६९ मध्ये निघालेली ही तबकडी इंग्रजी फोक-रॉकचा पाया मानली जाते. वर उल्लेखिलेली सरदारपत्नीची कथा तिच्यात आहे; आणि ज्याने त्याच वर्षी आपल्या माणसांना रस्त्यावर गमावले होते असा २० वर्षांचा पोर ती वाजवताना, शोक न करता शोक सांगण्याची रीत शिकत होता, असे म्हणणे धाडसाचे ठरू नये.

जानेवारी १९७१ मध्ये रिचर्डने वृंद सोडला आणि पोटापाण्यासाठी इतरांच्या मुद्रणांत रोजंदारीवर गिटार वाजवण्यास सुरुवात केली. १९७२ मध्ये ‘हेन्री द ह्यूमन फ्लाय’ ही पहिली स्वतंत्र तबकडी निघाली. मुखपृष्ठावर महाशय माशीचा पोशाख चढवून उभे आहेत. आतील गाणी चांगली आहेत, परंतु गाणाऱ्याचा आवाज अजून ओशाळलेला, स्वतःवरच विश्वास नसल्यासारखा आहे. समीक्षकांनी तिची गय केली नाही, आणि अमेरिकेत वॉर्नर कंपनीच्या सर्वांत कमी खपलेल्या तबकडीचा मान तिला मिळाल्याची ख्याती आहे. याच तबकडीत पाठीमागे गाणाऱ्यांत लिंडा पीटर्स हे नाव आढळते.

लिंडाचा जन्म १९४७ चा, लंडनच्या हॅकनी भागातला. वाढली मात्र ती ग्लासगोत. लंडनला परतल्यावर ती रात्री फोक क्लबांत आणि दिवसा जाहिरातींच्या जिंगलसाठी गात असे. सँडी डेनी तिची जिवलग मैत्रीण. दोघींच्या आवाजांची तुलना नेहमी होते, आणि ती बहुधा लिंडाच्या अंगावर येते. कारण सँडीच्या आवाजात जो उसळता आवेग आहे तो हिच्यात नाही. पण लिंडाचे वैशिष्ट्य वेगळे आहे. ती शब्द नाट्यमय करीत नाही, स्वर थरथरवीत नाही, करुण ओळ आली म्हणून गळा दाटल्याचे सोंग आणीत नाही; सरळ, थंड, किंचित धुरकट अशा स्वरात ती वाक्य उच्चारते आणि पुढच्या वाक्याकडे वळते. ज्याला दुसऱ्यांच्या जबान्या लिहावयाच्या होत्या त्याला असाच कंठ हवा होता. ऑक्टोबर १९७२ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले, आणि वृंदातील जुना सहकारी सायमन निकोल याला बरोबर घेऊन देशभरच्या फोक क्लबांतून, तुटपुंज्या मेहनतान्यावर, नवी गाणी गात हिंडू लागले. मुद्रणगृहात पाऊल टाकण्यापूर्वीच ही गाणी मद्यालयांच्या माड्यांवर घासूनपुसून तयार झालेली होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मुद्रण झाले ते साउंड टेक्निक्स या ठिकाणी. जुन्या दूधडेअरीच्या इमारतीत १९६५ मध्ये स्थापन झालेल्या या मुद्रणगृहाचे एक चालक जॉन वुड हे ध्वनितंत्रज्ञ होते. फेअरपोर्टच्या आणि निक ड्रेक या गायकाच्या तबकड्या त्यांच्याच हाताखालून गेल्या होत्या. पूर्वीचे निर्माते जो बॉइड अमेरिकेस निघून गेल्यामुळे निर्मितीची मुखत्यारी या वेळी वुड आणि स्वतः रिचर्ड यांच्याकडे आली. खर्च सुमारे २,५०० पौंड, मुदत थोड्या दिवसांची. तेव्हा ऐषआरामाला वाव नव्हता. बेसवर पॅट डॉनल्डसन आणि ढोलांवर टिमी डॉनल्ड हे दोघे, कॉन्सर्टिना आणि अॅकॉर्डियनवर जॉन कर्कपॅट्रिक. हे कर्कपॅट्रिक मॉरिस या इंग्रजी लोकनृत्याच्या परंपरेतले. त्यांची कॉन्सर्टिना म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचेच दूरचे भावंड, कारण दोहोंत भात्याची हवा धातूच्या मोकळ्या पट्ट्यांना कंप देते. फरक असा की, त्यांच्या अँग्लो जातीच्या वाद्यात तीच कळ भाता दाबताना एक स्वर देते आणि ओढताना दुसरा, त्यामुळे वादनाला आपोआप एक श्वासासारखा झोक मिळतो. याशिवाय ‘ग्रिफन’ या वृंदातील दोघांनी क्रमहॉर्न हे युरोपच्या प्रबोधनकाळातले, खाली आकड्यासारखे वळलेले, भुंग्याप्रमाणे गुणगुणणारे सुषिर वाद्य वाजवले. सोळाव्या शतकातील हे वाद्य विजेच्या गिटारीशेजारी आणून बसवण्याची कल्पना कागदावर विक्षिप्त वाटते, पण ‘व्हेन आय गेट टु द बॉर्डर’ या पहिल्याच गाण्याच्या शेवटी गिटार, कॉन्सर्टिना आणि क्रमहॉर्न एकमेकांच्या तोंडचे तुकडे उचलून जी सवालजबाबाची झुंबड उडवतात ती ऐकल्यावर शंका राहत नाही.

त्या गाण्यातील माणूस सोमवारच्या सकाळीला कंटाळला आहे आणि सरहद्द ओलांडली की आपण सुटलो अशी त्याची खात्री आहे. सरहद्द कसली, हे कोणी सांगत नाही. दारूच्या गुंगीची, परागंदा होण्याची, की मृत्यूची, यांपैकी काहीही घेता येते, आणि चाल इतकी आनंदी आहे की ऐकणारा पाय आपटीत राहतो. दुसरे गाणे ‘द कॅल्व्हरी क्रॉस’. येशूला जेथे क्रुसावर चढवले त्या टेकडीचे नाव घेतलेले असले तरी गाणे धार्मिक नाही. फिकट चेहऱ्याची एक स्त्री पुरुषाला आपल्या सेवेत घेते आणि पुन्हा सोडीत नाही, एवढाच त्यातला व्यवहार. तिला कलेची अधिष्ठात्री समजावे असा सर्वसाधारण कल आहे आणि मला तो मान्य आहे, कारण हे गाणे प्रेमाचे नसून वेठीचे आहे. आरंभी एकट्या गिटारचा संथ, तालाबाहेरचा तुकडा येतो, तो आपल्याकडील श्रोत्याला आलापाची आठवण करून दिल्यावाचून राहत नाही. मग तीनच सुरावटींचे एक जड चक्र सुरू होते आणि अखेरपर्यंत बदलत नाही. तबकडीवर हे गाणे चार मिनिटांच्या आत-बाहेर आटोपते, परंतु प्रत्यक्ष मैफलीत रिचर्ड ते दहा मिनिटांहून अधिक फुलवीत असे. १९७५ मधील अशी एक मैफल पुढे ‘गिटार, व्होकल’ या संग्रहात प्रसिद्ध झाली आहे, आणि त्याच्या वादनाचे सामर्थ्य ज्याला पडताळावयाचे असेल त्याने ती ऐकावी.

या वादनाविषयी दोन शब्द येथेच सांगितले पाहिजेत. त्या काळचा जवळजवळ प्रत्येक इंग्रज गिटारवादक कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज संगीताचा शागीर्द होता. रिचर्डने ती शागिर्दी जाणूनबुजून नाकारली. डाव्या-उजव्या हातांची त्याची रीतही स्वतंत्र आहे: अंगठा आणि तर्जनीत नखी धरून तो खालचा खर्ज घुमता ठेवतो आणि उरलेल्या बोटांनी वरच्या तारांवर सुरावट काढतो, त्यामुळे स्कॉटलंडच्या बॅगपाइपमध्ये जसा एक अखंड स्वर तळाशी वाहतो तसा भास होतो. इंग्रजी-स्कॉटिश लोकगीतांच्या पुष्कळ चाली पाश्चात्त्यांच्या प्रचलित मेजर-मायनर चौकटीत बसणाऱ्या नाहीत. त्या जुन्या चर्च-स्वरग्रामांत, विशेषतः ‘मिक्सोलिडियन’ आणि ‘डोरियन’ यांत बांधलेल्या असतात. भातखंडे-पद्धतीच्या परिभाषेत यांतील पहिल्याचे स्वर खमाज थाटाचे आणि दुसऱ्याचे काफी थाटाचे होतात. रागदारी वेगळी, तिची चलनेही वेगळी; पण कोमल निषादाचा जो उदास गोडवा आपण ओळखतो तोच येथे कार्य करीत असल्यामुळे, इंग्रजी गाण्याला सहसा न रुळणारा मराठी कान या तबकडीत लवकर रमतो, असा माझा अनुभव आहे.

शीर्षकगीत चौथे. आठवडा संपला आहे, मजुरी करून कंटाळलेली मुलगी सोबत्याला शहरात घेऊन चल म्हणते, टॅक्सीचे भाडेही त्याच्याच खिशातून निघावयाचे आहे, आणि रात्र धक्काबुक्कीत संपली तरी तिची हरकत नाही. तिच्या मागे मँचेस्टरच्या सहकारी घाऊक संस्थेचा, म्हणजे सीडब्ल्यूएसचा, सिल्व्हर बँड वाजतो. उत्तर इंग्लंडातील खाणी, कापडगिरण्या आणि सहकारी संस्था यांच्या आश्रयाने कामगारांचे जे पितळी वाद्यांचे ताफे एकोणिसाव्या शतकापासून नांदत आले, त्यांपैकीच हा एक. चांदीचा मुलामा दिलेली वाद्ये म्हणून ‘सिल्व्हर’. लोकसंगीत म्हणजे केवळ मेंढपाळांचे गाणे अशी समजूत असणाऱ्यांना ही निवड रुचली नसेल. पण औद्योगिक इंग्लंडचे खरे लोकवाद्य कोणते, तर हेच; आणि ज्या वाद्यांवर कामगार रविवारी स्तोत्रे वाजवीत त्यांवर शनिवारच्या रात्रीची हाव ऐकताना, गाण्यातील आनंदाला एक कणखर, जवळजवळ पवित्र असा आधार मिळतो. लिंडा ही मुलगी उभी करताना तिची कीव करीत नाही आणि तिला नाक मुरडीत नाही, यातच तिचा मोठेपणा आहे.

पहिल्या बाजूचा शेवट ‘डाउन व्हेअर द ड्रंकर्ड्स रोल’ या गाण्याने होतो. गुत्त्यात प्रत्येक जण बाहेरच्या जगाने नाकारलेला हुद्दा मिळवून बसतो, एवढाच त्याचा विषय. ध्रुपदाला लिंडाच्या आवाजाखाली पुरुषांचे खर्जातले स्वर मिसळतात आणि गाणे एकदम प्रार्थनेच्या पातळीवर जाते. दुसऱ्या बाजूवरील एकाकी मुलीचे गाणे मी वर सांगितलेच. ‘द लिटल बेगर गर्ल’ ही तर ठसकेबाज लावणीच म्हणावी, कारण तिच्यातील पोर भीक मागते ती श्रीमंतांच्या तिरस्कारावर पैसा मिळवण्याच्या कैफात. ‘वी सिंग हॅलेलुया’ मात्र मला बेताचे वाटते. जुन्या सणगीताचे सोंग त्यात फार उघडे पडते.

नवव्या गाण्यावर वादंग बराच माजला. ‘दि एंड ऑफ द रेनबो’ हे पाळण्यातील बालकाला उद्देशून म्हटलेले गीत, आणि त्याचा आशय असा की, मोठेपणी तुला मिळवण्यासारखे काहीच शिल्लक नाही. तरुण कवीला निराशेची चैन परवडते, असा आक्षेप यावर घेण्यात आला. त्यात थोडे तथ्य आहे, पण तो गाण्यातील बोलणाऱ्याला आणि गाणाऱ्याला एक मानतो. रिचर्ड हे गाणे कोणताही विलाप न करता, रोजखर्डा वाचावा तशा समतेने गातो, आणि त्यामुळे आपल्यासमोर उभा राहतो तो तत्त्वज्ञ नव्हे, तर हरलेला, कदाचित थोडा प्यालेला एक बाप, ज्याचे म्हणणे ऐकून घ्यावे पण खरे मानू नये. त्यानंतरचे ‘द ग्रेट व्हॅलेरियो’ हे शेवटचे गाणे केवळ लिंडाचा कंठ आणि एक साधी गिटार यांवर उभे आहे. वर दोरीवर कसरतपटू, खाली माना उंचावलेली गर्दी. आपण त्या गर्दीतलेच, आणि तो पडला नाही म्हणून आपल्यालाही न पडण्याची हिंमत वाटते. गाणे सरल्यावर गिटारवर फ्रेंच संगीतकार एरिक सॅटी यांच्या पियानोरचनेतील एक झोकाळणारा तुकडा येतो. ढोल नाही, साथ नाही. दहा गाण्यांत सर्वांत धीट बांधणी हीच.

मुद्रणानंतर तबकडी अडकली ती तेलामुळे, असे कारण सांगितले जाते, आणि ते पटण्यासारखे आहे. तबकडीचे व्हिनाइल खनिज तेलापासून बनते, आणि ऑक्टोबर १९७३ मधील अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा पुरवठा आकसला तेव्हा ध्वनिमुद्रिका कंपन्यांवरही टंचाई ओढवली. त्यातच खाणकामगारांच्या असहकारामुळे पंतप्रधान हीथ यांच्या सरकारने १ जानेवारी १९७४ पासून कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज देण्याचा हुकूम जारी केला. दूरदर्शन रात्री साडेदहाला बंद, दुकानांत मेणबत्त्या, आणि फेब्रुवारीअखेरच्या निवडणुकीत सरकारच गडगडले. ७ मार्चला हे निर्बंध उठले आणि पुढील महिन्यात ही तबकडी निघाली. झगमगत्या दिव्यांची हौस सांगणारे गाणे अंधारातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात आले, हा योगायोग पुष्कळांनी टिपला आहे. गाणे लिहिताना मात्र कोणाच्या मनात तो नव्हता.

दरम्यान रिचर्ड आणि पाठोपाठ लिंडा यांनी इस्लामचा स्वीकार करून लंडनमधील एका सूफी जमातीत प्रवेश केला. सरहद्द ओलांडण्याचे गाणे लिहिणाऱ्याने मागाहून खरोखरच एक उंबरठा ओलांडला, म्हणून या तबकडीत सूफी आशय शोधण्याचा मोह होतो. परंतु कालक्रम त्याच्या आड येतो, गाणी आधीची आहेत. १९७५ मध्ये आणखी दोन तबकड्या करून, त्यांतील दुसरीच्या वेष्टनावर तो पागोट्यात आणि ती डोईवर रुमाल बांधलेली अशी छायाचित्रे देऊन, दोघांनी काही वर्षे गाण्याला रजा दिली.

मग आली १९८२ सालची ‘शूट आउट द लाइट्स’. ही तबकडी निघाली तेव्हा संसार मोडत होता. त्या वर्षीच्या अमेरिकेच्या दौऱ्यात, एकमेकांशी बोलणे टाकलेल्या पतिपत्नींनी एकाच मंचावर उभे राहून ही गाणी गायिली, आणि ‘घटस्फोटाची तबकडी’ हे बिरूद तिला कायमचे चिकटले. वस्तुस्थिती अशी की, बहुतेक गाणी १९८० मध्येच तयार होती. त्या वर्षी गायक गेरी रॅफर्टी यांनी पदरचे पैसे खर्चून ती मुद्रित करवली, ते मुद्रण कोणी प्रसिद्ध केले नाही, आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये जो बॉइड यांनी थोड्या दिवसांत ती पुन्हा नव्याने बांधून घेतली. शीर्षकगीताचे बीज तर अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमणात होते, असे रिचर्डने सांगितले आहे. म्हणजे येथेही तो दुसऱ्यांच्याच जबान्या लिहीत होता. दैवाने त्या त्याच्या नावावर चढवल्या. तबकडी थोर आहे, परंतु ती ऐकताना श्रोता दाराच्या फटीला कान लावल्यासारखा होतो, आणि ही लाचार अवस्था गाण्यांच्या हिताची नाही. १९७४ च्या तबकडीवर असा कोणताही दावा लागू पडत नाही, आणि म्हणून दोहोंत मी तिला वरचे स्थान देतो. अमेरिकन टीकाकारांचा कल बहुतांशी उलट आहे.

रिचर्ड अद्याप गात आणि वाजवीत आहे. लिंडाला मात्र स्वरयंत्राच्या स्नायूंवरील ताबा सुटण्याच्या विकाराने गाठले. त्याची चिन्हे १९७० नंतरच्या दशकातच दिसू लागली होती, आणि १९८५ नंतर तिची पुढची तबकडी निघण्यास १७ वर्षे लागली. पुढे गाणे अशक्यच झाल्यावर २०२४ मध्ये तिने ‘प्रॉक्सी म्युझिक’ या नावाने नवी गाणी प्रसिद्ध केली: रचना तिच्या, कंठ इतरांचे. मुलगी कामिला आणि मुलगा टेडी त्यांत आहेत, तसेच गायक रूफस वेनराइट, प्रोक्लेमर्स बंधू आणि मार्टिन कार्थी या ज्येष्ठ लोकगायकाची कन्या एलायझाही. वेष्टनावर ७५ वर्षे ओलांडलेली लिंडा ‘रॉक्सी म्युझिक’ या वृंदाच्या १९७२ सालच्या गाजलेल्या मुखपृष्ठावरील सुंदरीच्या थाटात रेलून बसली आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर चेष्टा स्पष्ट दिसते.